मोजका चटका

‘डोळ्याला लेझर मारले’ असे कोणी सांगितले की आधी विचारावे, कोणते? चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी बुबुळावर मारतात ते एक. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी धुरकट होते, ती उघडण्यासाठी मारतात ते दुसरे. आणि मधुमेह्याच्या डोळ्याच्या पडद्यावर मारतात ते तिसरे. पहिल्या दोन्हींत माणूस घरी जातो आणि थोड्याच दिवसांत त्याला पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागते. तिसऱ्याची गोष्ट निराळी. तिथे पहिले काही तास, कधी काही आठवडे, उलट अंधुक दिसते. पुढे नजर बहुधा होती तिथेच राहते. शेजारच्या काकूंना लेझरनंतर लख्ख दिसू लागले हे ऐकून आलेला मधुमेही म्हणूनच या उपचारानंतर नाराज होतो. त्याच्या नाराजीला कारणही असते. हे लेझर नजर वाढवण्यासाठी नाही, आहे ती टिकवण्यासाठी आहे, हे त्याला पुष्कळदा कोणी नीट सांगितलेलेच नसते. आणि टळलेले नुकसान तर कोणाला दाखवता येत नाही.

हे प्रकरण त्या तिसऱ्या लेझरचे, आणि त्यातही मुख्यतः पडद्याच्या मध्यभागी येणाऱ्या सुजेवर मारतात त्याचे.

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला लागून पडदा असतो. पाठ्यपुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात, दवाखान्यात सगळे पडदाच म्हणतात. त्याच्या मध्यावर जेमतेम साडेपाच मिलिमीटर व्यासाचा भाग म्हणजे पीतबिंदू, आणि त्याच्याही मधोमध एक उथळ खळगा. वर्तमानपत्र वाचणे, सुईत दोरा ओवणे, लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी कामे एवढ्याशा जागेवर चालतात. खळग्याच्या अगदी मध्यात सुमारे अर्धा मिलिमीटर जागेत एकही रक्तवाहिनी नसते. तिथल्या पेशींपर्यंत प्रकाश आडकाठीशिवाय पोचतो. त्या मोकळ्या जागेभोवती मात्र केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. बिघाड तिथून सुरू होतो.

पडद्यातल्या केशवाहिनीची भिंत शरीरातल्या बहुतेक केशवाहिन्यांपेक्षा कडक पहाऱ्याची असते. आतल्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या, आणि बाहेरून त्यांना आधार देणाऱ्या वेगळ्या पेशी. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. आधार सुटला की भिंत जागोजागी फुगते. हे फुगे इतके लहान की बाहुली मोठी करून, भिंगातून पाहिले तरी नुसते लाल ठिपके दिसतात. फुग्यांतून आणि सैल झालेल्या भिंतींतून रक्तातले पाणी, प्रथिने, चरबी पडद्यात झिरपते. पाणी थोडेफार परत शोषले जाते, चरबी मागे उरते आणि पिवळट कणांच्या रूपात साचते. कधीकधी हे कण गोल कड्यासारखे मांडलेले दिसतात, आणि कड्याच्या मध्यावर गळणाऱ्या फुग्यांचा पुंजका हमखास सापडतो. डॉक्टरांना नकाशा आयता मिळतो.

खळग्याच्या जागी पडदा साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे २५० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. सूज आली की तो ४०० होतो, ५०० होतो, त्याहूनही वाढतो. यात दुखत काही नाही. डोळा लाल होत नाही, चुरचुरत नाही. दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते, ओळीतले एखादे अक्षर पुसट होते, रंग फिकटतात, आणि हे सगळे एकाच डोळ्यात चालले असेल तर दुसरा चांगला डोळा ते बेमालूम झाकून टाकतो. एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहण्याची सवय मधुमेह्याने लावून घ्यावी ती याचसाठी. पण सूज मध्याला भिडेपर्यंत या परीक्षेतही काही कळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून केलेल्या तपासणीची जागा ती घेऊ शकत नाही.

आता या सुजेवर प्रकाशाचा चटका हा उपाय सुचावा तरी कसा? त्यासाठी युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत जावे लागते.

जुलै १९४५ मध्ये सूर्यग्रहण झाले. युरोपच्या उत्तर भागात ते खग्रास होते, जर्मनीत खंडग्रास. ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये हे आपल्याकडे आजीपासून नेत्रतज्ज्ञांपर्यंत सगळेच सांगतात, कारणे काय ती वेगळी. हॅम्बुर्गमध्ये वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने ते पाहिले आणि पीतबिंदूवर भाजल्याची खूण घेऊन तो गेर्हार्ड मायर-श्विकेराथ या तरुण नेत्रतज्ज्ञासमोर आला. त्या खुणेकडे पाहताना मायर-श्विकेराथना दुसराच प्रश्न पडला. पडद्याला भोक पडले की तो भिंतीपासून सुटतो. ते भोक बंद करण्यासाठी त्या काळी बाहेरून डोळ्याच्या भिंतीला विजेच्या उष्णतेने डागत. सूर्य जर बाहुलीतून आत शिरून एवढी नेटकी खूण उमटवत असेल, तर डोळा न कापता, प्रकाशानेच भोकाच्या कडा का चिकटवू नयेत?

त्यांनी इस्पितळाच्या गच्चीवर आरसे बसवले. सूर्याबरोबर फिरणाऱ्या आरशाने ऊन पकडायचे, ते खालच्या खोलीत आणायचे आणि रुग्णाच्या बाहुलीतून पडद्यावर टाकायचे. १९४९ च्या सुमारास या पद्धतीने त्यांनी रुग्णांवर उपचार केले, आणि ते साधले. अडचण एवढीच होती की शहर हॅम्बुर्ग होते. ढग आले की उपचार थांबायचे. मग त्यांनी कार्बनच्या ठिणगीचा दिवा वापरून पाहिला, आणि पुढे झाइस कंपनीबरोबर झेनॉन वायूच्या दिव्याचे यंत्र तयार केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते जगभर गेले. यंत्र अवजड, चटका मोठा, आणि दुखायचे इतके की डोळ्यामागे भुलीचे इंजेक्शन द्यावे लागे.

यात एक गंमत आहे. ग्रहण पाहून होणारी इजा मुख्यतः उष्णतेची नसते, प्रखर प्रकाशाने पेशींत घडणाऱ्या रासायनिक बदलांची असते, असे आज मानले जाते. म्हणजे मायर-श्विकेराथना ज्या खुणेने वाट दाखवली तिचा त्यांनी लावलेला अर्थ तंतोतंत बरोबर नव्हता. वाट मात्र बरोबर निघाली.

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबू येथे थिओडोर मैमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर झोत काढला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स कॅम्बेल यांनी एका रुग्णाच्या पडद्यावरच्या गाठीवर तो वापरलाही. इतक्या लवकर लेझर वैद्यकात आला तो डोळ्यांच्या वाटेने, आणि त्यात नवल नाही. शरीरातला हा एकच अवयव असा, की ज्याच्या आतल्या रक्तवाहिन्या काही न कापता थेट दिसतात; जिथे नजर पोचते तिथे झोतही पोचतो.

पण माणकाचा झोत लाल, आणि रक्त स्वतःच लाल असल्याने लाल प्रकाश फारसा शोषत नाही. रक्तवाहिन्यांच्या दुखण्यावर त्याचा जोर पडेना. आर्गॉन वायूचा निळा-हिरवा झोत रक्तात चांगला शोषला जातो, आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस लेस्पेरान्स यांनी तो माणसाच्या डोळ्यासाठी वापरात आणला. पुढे लक्षात आले की पीतबिंदूला त्याचे नाव देणारे पिवळे द्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, म्हणजे ज्या जागेला धक्का लावायचा नाही तिथेच निळा रंग भाजतो. म्हणून निळा गाळला गेला. आज मध्याजवळच्या कामाला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किंवा ५७७ चा पिवळा झोत वापरतात.

मधुमेहाशी लेझरची गाठ पडली ती बॉस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये. १९५० आणि ६० च्या दशकांत मधुमेहाने पडदा बिघडत चाललेल्या तरुण रुग्णांपुढे काय मांडले जाई ते आज वाचताना अंगावर काटा येतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी काढून टाकणे किंवा निकामी करणे हा एक मान्य उपचार होता. बाळंतपणात ही ग्रंथी निकामी झालेल्या एका मधुमेही स्त्रीच्या पडद्यातला बिघाड ओसरल्याचे १९५३ मध्ये डेन्मार्कमध्ये नोंदले गेले होते, आणि त्या धाग्यावरून हे सगळे चालू होते. काही डोळे खरोखर वाचलेही, पण माणूस उरलेले आयुष्य औषधी संप्रेरकांवर काढी.

जॉस्लिनमधले विल्यम बीथम आणि लॉइड आयेलो यांचे लक्ष वेगळ्याच रुग्णांकडे गेले. कोणाच्या डोळ्यात जुन्या आजाराचे मोठे व्रण होते, कोणाला उणे नंबर फार होता, कोणाची दृष्टीची नस सुकली होती. वर्षानुवर्षे मधुमेह असूनही अशा डोळ्यांत पडदा कमी बिघडलेला दिसे. कधी तर एकाच माणसाचा व्रण असलेला डोळा ठीक आणि निरोगी डोळा रक्ताने भरलेला. मग व्रण आपणच केले तर? त्यांनी लेझरने पडद्याच्या कडेच्या भागात शेकडो चटके विखरून द्यायला सुरुवात केली. दिसायला हा प्रकार अघोरीच होता. पडदा वाचवण्यासाठी पडदाच जागोजागी जाळायचा. पण या पद्धतीची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. १७०० हून अधिक रुग्ण, प्रत्येकाच्या एका डोळ्याला उपचार, दुसरा तसाच. १९७६ मध्ये आकडे आले. गंभीर दृष्टिनाश निम्म्याहूनही कमी झाला होता, आणि चाचणी पूर्ण होण्याची वाट न पाहता दुसऱ्या डोळ्यांनाही उपचार खुला केला गेला.

ही झाली पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात त्या अवस्थेची गोष्ट. सुजेचा प्रश्न अजून उरला होता, आणि तो जास्त नाजूक होता. कडेचा पडदा जाळला तर रात्रीची आणि बाजूची नजर थोडी कमी होते, माणूस निभावून नेतो. मध्याजवळ चूक झाली तर वाचनच संपते.

त्यासाठी १९८० ते १९८५ या काळात ३,७११ मधुमेही अमेरिकेतल्या २२ केंद्रांतून दुसऱ्या एका चाचणीत घेतले गेले. ‘ईटीडीआरएस’ या आद्याक्षरांनी ती जगभरच्या नेत्रतज्ज्ञांच्या तोंडी आहे. दवाखान्यात भिंतीवर किंवा दिव्याच्या पेटीवर प्रत्येक ओळीत पाचच अक्षरे असलेला तक्ता दिसला, तर तो याच चाचणीसाठी घडवलेला. मला या चाचणीचे सगळ्यात मोठे काम वाटते ते म्हणजे तिने ‘कोणत्या सुजेला हात लावायचा’ हे मोजमापाने ठरवून दिले. मध्यापासून ५०० मायक्रॉनच्या आत पडदा जाड झाला असेल. किंवा तेवढ्या अंतरात पिवळे कण असून शेजारी सूज असेल. किंवा मध्याच्या जवळपास दृष्टिनसेच्या तोंडाएवढा मोठा भाग सुजला असेल, तर उपचार करा. तेव्हा आजची जाडी मोजणारी यंत्रे नव्हती. हे सगळे डॉक्टर दोन्ही डोळ्यांनी, भिंगातून, खोलीच्या अंदाजावर पाहत.

१९८५ मध्ये निकाल छापून आला. ७५४ डोळ्यांना लगेच लेझर दिले होते, १,४९० डोळ्यांना थांबवून ठेवले होते. थांबलेल्यांपैकी तीन वर्षांत २४ टक्के डोळ्यांची नजर तक्त्यावर तीन ओळींनी किंवा त्याहून जास्त घसरली. लेझर दिलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. धोका निम्मा.

आणि नजर तीन ओळींनी सुधारली अशांचे प्रमाण किती? तीन टक्क्यांहून कमी. हा आकडा पुढे लेझरच्या विरोधात इतक्या वेळा फेकला गेला की त्यामागची दुसरी बाजू विसरली गेली. चाचणीतल्या बहुसंख्य डोळ्यांची नजर सुरुवातीला चांगलीच होती. ज्याला तक्त्याच्या खालच्या ओळी आधीच वाचता येतात त्याची नजर तीन ओळींनी वाढायला जागा कुठे असते? तरीही एकंदर चित्र खरे आहे. लेझर नुकसान थांबवतो, झालेले क्वचितच भरून काढतो. यातून जो नियम निघतो तो बहुतेक रुग्णांच्या वागण्याच्या नेमका उलट आहे: लेझरसाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे तुम्हाला अजून चांगले दिसते ती.

प्रत्यक्ष उपचार पाहिला तर त्यात भीतीदायक फार थोडे आहे. थेंब घालून बाहुली मोठी होईपर्यंत अर्धा तास बाकावर बसायचे. मग डोळा बधिर करणारा एक थेंब. हनुवटी यंत्राच्या टेकूवर, कपाळ पट्टीला टेकलेले. डॉक्टर चिकट जेल लावलेले भिंग डोळ्यावर ठेवतात, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि पीतबिंदू मोठा दिसतो. झोताचा ठिपका ५० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. एका चटक्याचा वेळ सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. रुग्णाला लखलखाट दिसतात. सुजेसाठीच्या लेझरमध्ये बहुतेकांना दुखत नाही. विखुरलेल्या शेकडो चटक्यांच्या लेझरमध्ये दुखते, आणि या दोघांची गल्लत करून पुष्कळ जण उगाच घाबरतात. दहा-पंधरा मिनिटांत काम आटोपते. त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि घरी जाताना बरोबर कोणी असावे.

त्या दहाव्या भागात आत काय घडते? पडद्याच्या संवेदनशील पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. झोत त्यांच्यातून आरपार जातो. त्यांच्या मागे काळ्या रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एक थर असतो, आपल्या कातडीला रंग देणारे मेलॅनिनच तिथे असते. झोत तिथे अडतो, उष्णता होते आणि ती आजूबाजूला पसरते. प्रथिने गोठतात. तव्यावर पडलेल्या अंड्यातला पारदर्शक द्रव पांढरा व्हावा तसा तो ठिपका डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत फिकट पांढरा होतो, आणि कौशल्य असते ते याआधीच्या छटेवर थांबण्यात. मध्याजवळ हवा असतो फक्त करडा ठिपका. पांढराशुभ्र झाला तर चटका जास्त झाला. रंगद्रव्य कमीजास्त असेल, मोतीबिंदूने झोत अंधुक होत असेल, सुजेने पडदा जाड झाला असेल, तर त्याच ताकदीचा परिणाम एकाच डोळ्यात दोन जागी वेगळा येतो. म्हणून डॉक्टर कमी ताकदीपासून सुरू करून वर जातात. खळग्याच्या मध्यापासून ५०० मायक्रॉनच्या आत पहिल्या खेपेला जायचे नाही, हा दंडक.

या चटक्याने सूज का ओसरते याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. गळणाऱ्या फुग्यावर नेम धरून मारले तर तो गोठून बंद होतो, इथवर ठीक. पण फुग्यांना हातही न लावता सुजलेल्या भागात नुसते जाळीसारखे ठिपके पेरले तरी सूज कमी होते. एक स्पष्टीकरण प्राणवायूचे आहे, आणि त्यामागे आइसलंडच्या आइनार स्टेफान्सन यांचे बरेच काम आहे. पडद्यातल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशी शरीरातल्या सगळ्यात जास्त प्राणवायू खाणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यांतल्या काही चटक्याने गेल्या की मागच्या रक्तवाहिन्यांकडून येणारा प्राणवायू उरतो आणि पडद्याच्या आतल्या थरांपर्यंत पोचतो. प्राणवायू मिळाला की तिथल्या धमन्या आकसतात, केशवाहिन्यांतला दाब उतरतो, झिरपणे घटते. दुसरे स्पष्टीकरण असे की चटक्याभोवतीच्या रंगद्रव्याच्या पेशी जखम भरताना जाग्या होतात, पाणी बाहेर उपसण्याचे त्यांचे काम सुधारते आणि त्या काही उपकारक द्रव्ये सोडतात. दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे हल्ली कल वाढला आहे. याचे कारण शेवटी येईल.

परिणाम सावकाश होतो. तीन-चार महिन्यांनी तपासून, सूज उरली असेल तर पुन्हा लेझर, असा क्रम. पिवळे कण विरायला त्याहूनही वेळ लागतो. तोटेही खरे आहेत. ठिपक्यांच्या जागी बारीक काळे डाग काहींना जाणवतात, वर्षानुवर्षांत व्रण पसरून मध्याकडे सरकू शकतो, आणि क्वचित चटक्याच्या जागी पडद्यामागून नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

पंचवीस वर्षे या उपचाराला खरा प्रतिस्पर्धी नव्हता. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने मध्ये थोडी आशा दाखवली. २००८ मध्ये छापलेल्या अमेरिकी चाचणीत चौथ्या महिन्याला स्टेरॉइड पुढे होते, दोन वर्षांनी लेझर पुढे गेला होता. मग बाजू पालटली.

प्राणवायूला आसुसलेला पडदा कसला तरी रासायनिक संदेश सोडतो आणि त्याने रक्तवाहिन्या बिघडतात, ही कल्पना ग्लासगोच्या आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडली होती. १९८९ मध्ये नेपोलियॉन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा संदेश देणारे ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन वेगळे केले. १९९४ मध्ये हेच प्रथिन बिघडलेल्या पडद्याच्या मधुमेही डोळ्यांतल्या द्रवात वाढलेले असते, हे दाखवणारा महत्त्वाचा शोधनिबंध आला. त्याचे पहिले लेखक लॉइड पॉल आयेलो, म्हणजे बीथमबरोबर पडद्यावर चटके विखरणाऱ्या आयेलोंचे चिरंजीव. वडिलांनी लेझर मधुमेह्याच्या डोळ्यात आणला, आणि मुलाने ज्या वाटेचा पाया घातला तिने लेझरला पहिल्या जागेवरून हटवले. एकाच घरात असे घडावे हे मला वैद्यकाच्या इतिहासातले एक विलक्षण पान वाटते.

या प्रथिनाला अडवणारी औषधे डोळ्यात टोचायची सोय झाली. मधुमेहातल्या सुजेबाबत २०१० चा निकाल निर्णायक ठरला. ८५४ डोळ्यांच्या चाचणीत एका वर्षानंतर नुसत्या लेझरने सरासरी तीन अक्षरे वाढली, त्या औषधांपैकी रॅनिबिझुमॅबच्या इंजेक्शनने नऊ. त्याच चाचणीतल्या इंजेक्शनच्या ज्या गटात लेझर मुद्दाम लांबवला होता, त्यातल्या निम्म्याहून जास्त डोळ्यांना पुढच्या पाच वर्षांत लेझर लागलाच नाही. आज सूज खळग्याच्या मध्याला भिडली असेल आणि नजर उतरली असेल, तर पहिला उपचार इंजेक्शन, याबद्दल मतभेद उरलेला नाही.

पण इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही. पहिल्या वर्षी आठ-नऊ, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, मग हळूहळू कमी, हा त्या चाचणीतला हिशेब. आणि चाचणीतल्या रुग्णांना आठवण करायला माणसे असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. चाळिशीपुढच्या मधुमेह्यांत सुमारे साडेबारा टक्क्यांचा पडदा बिघडलेला असतो, असे २०२२ च्या एका देशव्यापी अभ्यासात आढळले. पडद्याचे डॉक्टर बहुतांश मोठ्या शहरांत. गडचिरोलीच्या आतल्या गावातून किंवा माणदेशातून दर महिन्याला सोबतीला माणूस घेऊन यायचे, मजुरी बुडवायची, औषधाचे पैसे भरायचे. अहमदाबादच्या कंपनीने केलेले रॅनिबिझुमॅबचे स्वस्त रूप २०१५ पासून मिळते, कर्करोगासाठी बनलेले बेव्हॅसिझुमॅब त्याहून स्वस्तात वापरले जाते. तरीही तिसऱ्या इंजेक्शननंतर न फिरकणारे रुग्ण प्रत्येक दवाखान्याला माहीत आहेत. औषध उतरले की सूज परत येते. लेझरचा व्रण मात्र जागेवर राहून आपले काम करत राहतो, रुग्ण आला न आला तरी. लेझर जुना झाला असे म्हणणाऱ्यांनी हा फरक हिशेबात धरावा असे मला वाटते.

शिवाय काही डोळ्यांत लेझर आजही वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. सूज मध्याच्या बाजूला असून गळणारे फुगे नेमके दिसत असतील तिथे आजही त्याची निवड होते. सूज मध्यात आहे पण नजर अजून उत्तम आहे, अशा ७०२ जणांच्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. काहींना लगेच इंजेक्शन, काहींना लेझर, काहींवर नुसती नजर ठेवलेली. पुढे नजर उतरली तर इंजेक्शन. दोन वर्षांनी पाच अक्षरांची घसरण झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १६, १७ आणि १९ टक्के होते, म्हणजे जवळपास सारखेच. मात्र लेझर मिळालेल्यांपैकी २५ टक्क्यांना पुढे इंजेक्शन लागले, नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. ज्याला इंजेक्शनच्या फेऱ्या परवडणार नाहीत त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

यातल्या कोणत्याही उपचाराला साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडे यांची साथ लागते. पायात सूज, चेहऱ्यावर सूज आणि वाढलेला क्रिएटिनिन असेल तर पडद्यातले पाणी कमी व्हायला फार त्रास देते. ग्लिटाझोन गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या काहींत सूज वाढवतात, तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवावी. आणि मोतीबिंदू काढण्याआधी पडदा तपासून घ्यावा, कारण त्या शस्त्रक्रियेनंतर दबलेली सूज उफाळू शकते.

राहिले ते रंगद्रव्याच्या पेशींचे. चटक्याचा फायदा त्या जाग्या होण्यातून मिळत असेल, तर त्यांना मारण्याची गरज काय? सूक्ष्म स्पंदांचा लेझर या प्रश्नातून आला. झोत सलग न सोडता सेकंदाच्या हजाराव्या भागाहून लहान तुकड्यांत सोडायचा, मध्ये पेशी थंड व्हायला सवड द्यायची. ठिपका पांढरा होत नाही, करडाही होत नाही. पडद्याच्या छायाचित्रात काहीच दिसत नाही. त्यामुळे कुठे मारले आणि कुठे नाही याची नोंद डॉक्टरांनी स्वतः काटेकोर ठेवावी लागते. हे खरेच काम करते की नुसता दिव्याचा खेळ आहे, अशी शंका बरीच वर्षे होती. ब्रिटनमध्ये २६६ रुग्णांवर त्याची नेहमीच्या लेझरशी तुलना झाली आणि २०२२ मध्ये निकाल आला: दोन वर्षांनंतरची नजर दोन्ही गटांत सारखीच होती. ही चाचणी घेतली होती ती मध्याची जाडी ४०० मायक्रॉनच्या आत असलेल्या डोळ्यांवर. सूज त्यापुढे गेलेली असेल तर आज डॉक्टर लेझरची कळ दाबण्याआधी इंजेक्शनची गोष्ट काढतात.